लग्नाच्या बायोडाटातली तीन वर्षं

आम्हाला सिंगापूरची पीआर मिळाली त्या दिवशी नवरा पेढे घेऊन आला आणि मी हातातला पेढा परत खोक्यात ठेवला. पीआर म्हणजे इथे कायम राहण्याचा परवाना. तोवर मी डिपेंडंट पासवर होते, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या आधाराने राहणारी बायको. त्या पासवर नोकरी मिळवायची तर आधी कंपनीने माझ्यासाठी वेगळा पास काढायला हवा होता, आणि मला ओळखतं कोण? त्यामुळे नऊ वर्षं कुणीही विचारलं की माझं उत्तर तयार असायचं, "पास नाही ना, नाहीतर मी पुण्याला टॅक्समध्येच होते." झाकली मूठ सव्वा लाखाची. आता पीआर आली, म्हणजे मूठ उघडणं आलं.

मुठीत काय होतं ते इथे मला एकटीला माहीत होतं. अकरा महिने. बी.कॉम. झाल्यावर मी एका सीएंच्या ऑफिसात अकरा महिने काम केलं, मग घरात स्थळं बघायला सुरुवात झाली आणि ऑफिस सुटलं. लग्नाचा बायोडाटा माझ्या मावशीने तयार केला. तिच्या मते अकरा महिने म्हणजे मुलगी धरसोड वृत्तीची दिसते, म्हणून तिने लिहिलं, 'कर सल्लागारांकडे तीन वर्षांचा अनुभव'. उंचीही तिने अर्धा इंच वाढवली होती. पोहे खाताना सासरे म्हणाले, "तीन वर्षं एका जागी, म्हणजे चिकाटी आहे." मी मान खाली घालून बसले होते, ती तशीच ठेवली. मुलगा इंजिनिअर, सासरे बँकेतले, आणि बी.कॉम. होऊन वर्षच झालेल्या मुलीला तीन वर्षांचा अनुभव कुठून आला, हे गणित एकानेही मांडलं नाही.

पेढे संपायच्या आत नवऱ्याने माझा सीव्ही करायला घेतला. सेंगकांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाचं टेबल हेच त्याचं ऑफिस. शून्यापासून कशाला सुरुवात करायची, म्हणून त्याने जुन्या फोल्डरमधून माझा लग्नाचा बायोडाटाच उघडला. "तुझी सगळी माहिती यात आहेच की!" वरचं 'श्री गणेशाय नमः' गेलं, रास, गोत्र, मामेकुळ गेलं, 'शाकाहारी' गेलं. 'स्वभाव शांत व मनमिळाऊ' यावर तो थबकला, एकदा माझ्याकडे बघून हसला आणि त्याने त्याचं इंग्रजीत 'दडपणाखाली शांत राहते, सर्वांशी जुळवून घेते' असं करून टाकलं. तीन वर्षं मात्र होती तशीच इंग्रजीत गेली. मी त्याच्या मागे लाटणं हातात घेऊन उभी होते. तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणाले, "फॉन्ट जरा मोठा कर."

बारा-तेरा दिवसांत फोन आला. क्वीन्सटाउनजवळचं एक लहानसं टॅक्स ऑफिस, कंपन्यांची विवरणपत्रं भरणारं. जाहिरातीत किमान दोन वर्षांचा अनुभव मागितला होता. मुलाखत नऊ दिवसांनी.

त्या नऊ दिवसांत मला एका जागी बसवेना. मॉलमधल्या लायब्ररीतून इथल्या कराची दोन जाड पुस्तकं आणली. घरी उघडली की कुकरची शिट्टी, वाळत घातलेले कपडे, फ्रिजमधली कोथिंबीर, सगळं एकदम महत्त्वाचं वाटायला लागायचं. मग मी पुस्तक पिशवीत घालून एलआरटीत जाऊन बसायला लागले. आमच्याकडची ही छोटी गाडी इमारतींच्या मधून गोल फिरते आणि निघाली तिथेच परत येते. तिला ड्रायव्हर नसतो, त्यामुळे कुणी बघून हटकेल ही भीती नाही. एका फेरीत दोन पानं व्हायची. तिसऱ्या फेरीला मला समोरच्या इमारतींवरच्या कुंड्या पाठ झालेल्या असायच्या आणि वाचलेली पानं डोक्यातून पुसलेली.

पानांत अगदी अनोळखी असं काही नव्हतं, हेच वाईट होतं. बरंचसं ओळखीचं होतं. आपल्यासारखंच यंदाच्या कमाईचा कर पुढच्या वर्षाच्या नावाने भरायचा. पण आपल्याकडे सगळ्या जगाचं वर्ष एकतीस मार्चला संपतं, आणि इथे प्रत्येक कंपनीचं वर्ष तिच्या मर्जीने संपतं. एकीचं जूनला, दुसरीचं डिसेंबरला. ओळखीची वाट म्हणून मी पाय टाकायचे आणि भलत्याच गल्लीत निघायचे. मला स्वतःचा भयंकर राग यायचा. एवढी वर्षं घरी होतीस, तेव्हा एक पुस्तक उघडलं असतंस तर हात झिजले असते का?

आणि या सगळ्याच्या तळाशी ती तीन वर्षं. मी अकरा महिन्यांना ताणून छत्तीस करत होते. पहिल्या वर्षी हे केलं, दुसऱ्या वर्षी ते, तिसऱ्या वर्षी माझ्या हाताखाली दोन मुली होत्या. हो, मी दोन मुलीसुद्धा निर्माण केल्या. मरीन परेडला राहणारी एक मैत्रीण कंपन्यांसाठी माणसं निवडायचं काम करते. तिला फोनवर सगळं खरं सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं, पुण्याला फोन करून कोण विचारणारे? तुझे ते सीए तर वारले ना? खोटं बोल पण रेटून बोल." ते वारले होते हे खरं होतं. म्हणजे आता माझ्या अकरा महिन्यांना माझ्याशिवाय त्या ऑफिसातला कुणी साक्षीदार उरला नव्हता. ह्याने मला हलकं वाटायला हवं होतं. मी फोन ठेवला आणि दोन वेळा घासलेला ओटा तिसऱ्यांदा घासला.

शेवटच्या रविवारी आठ वर्षांच्या लेकीने मुलाखत घेतली. तिने बाबाचा चष्मा लावला, हातात माझा सीव्ही धरला आणि अगदी तिच्या शाळेतल्या बाईंच्या सुरात प्रश्न विचारले. मी उत्तरं दिली. तिने नकारार्थी मान हलवली आणि इथल्या खास सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, इयर टू अँड इयर वन सेम सेम लाह. यू नेव्हर लर्न एनिथिंग न्यू, इज इट?" नवरा सोफ्यावर मोठ्याने हसला. मी तिच्यावर इतक्या जोरात खेकसले की तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि आत निघून गेली. मग मी तिच्या मागे जाऊन माफी मागितली. पण का ओरडले ते सांगितलं नाही.

गुरुवारी मुलाखत अकराला होती. मी साडेनऊलाच क्वीन्सटाउनला उतरले. दीड तास जुन्या इमारतींच्या खालून चकरा मारल्या, एका कॉफी शॉपमध्ये कोपी, म्हणजे इथली घट्ट गोड कॉफी, घेतली आणि ती अर्धी टाकली. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला. शेवटी त्या ऑफिसच्या मजल्यावरच्या टॉयलेटमध्ये हात वाळवायच्या यंत्राखाली पाठ करून उभी राहिले. आत आलेल्या एका मुलीने काहीच न बोलता दुसऱ्या यंत्रावर हात वाळवले. इथल्या लोकांचा हा गुण मला मनापासून आवडतो.

मुलाखत घेणाऱ्या बाई पन्नाशीच्या, चिनी, केस अगदी बारीक कापलेले. त्यांनी आधी अर्ध्या तासाचा पेपर दिला. एका लहान कंपनीचा कर काढायचा होता. बराचसा जमला. एके ठिकाणी, कंपनीने इथल्याच एका सल्लागाराला फी दिली होती, तिथे माझ्या हाताने पुण्याच्या सवयीने फीमधून दहा टक्के कर कापून टाकला. डोकं मागून धावत आलं. इथे असा कर परदेशातल्या माणसाला पैसे देताना कापतात, शेजारच्याला देताना नाही. मी ते खोडलं आणि खाली बरोबर लिहिलं.

बाईंनी इंग्रजीत विचारलं, "हे तुमच्याकडे कापतात?"

"हो. जवळजवळ सगळ्यालाच."

त्या हसल्या. पेपर बाजूला ठेवून त्यांनी सीव्ही उचलला. "गॅप मोठी आहे. पण तीन वर्षं केलेल्या माणसाचा हात विसरत नाही, ते दिसतंच आहे. मला सध्या शिकवायला वेळ नाही. तुला सोमवारपासून तीन कंपन्या देईन, तू एकटी बघ. चालेल?"

हेच तर हवं होतं. मी तोंड उघडलं ते "चालेल" म्हणायला. आणि मला त्या तीन कंपन्या दिसल्या, त्यांची तीन वेगवेगळी वर्षअखेर दिसली, आणि माझा हात त्यांच्या प्रत्येक कागदावर पुण्याचा कर कापत सुटलेला दिसला.

"मला शिकवावं लागेल," मी म्हणाले.

त्यांनी सीव्ही पुन्हा डोळ्यांसमोर धरला.

"मी अकरा महिनेच काम केलंय. तीन वर्षं नाही."

"मग हे तीन?"

"ते माझ्या लग्नासाठी लिहिलं होतं."

त्यांनी चष्मा काढला. आमच्याकडे लग्न ठरवताना मुलीची माहिती लिहून देतात, आणि त्यावरूनच हा कागद बनवलाय, हे मी कसंबसं सांगितलं.

"लग्न झालं?"

"झालं."

"म्हणजे त्या तीन वर्षांचं काम झालं," त्या म्हणाल्या. "मला दुरुस्त केलेला कागद उद्या सकाळपर्यंत पाठव. मग ठरवते. आता सांग, अकरा महिन्यांत काय केलंस?"

मी सांगितलं. जुलै महिन्यात लोक वर्षभराच्या पावत्या साड्यांच्या दुकानांच्या पिशव्यांत कोंबून आणायचे. मी त्या जमिनीवर ओतून महिन्यांप्रमाणे लावायचे. एका डॉक्टरांनी एकच व्याज दोन पिशव्यांतून दोनदा आणलं होतं, ते मी पकडलं होतं. बोलता बोलता वीस मिनिटं कशी गेली कळलं नाही, आणि त्या वीस मिनिटांत मला एकही मुलगी हाताखाली घ्यावी लागली नाही.

पुढे नोकरी मिळाली. सहा महिन्यांच्या करारावर, जाहिरातीतल्या पदापेक्षा एक पायरी खाली, आणि शिकवायला एक चिडका मुलगा. पण माझ्या दृष्टीने निकाल लागायचा होता तो गुरुवारी संध्याकाळीच. कागद दुरुस्त करायचा होता आणि कागद नवऱ्याच्या लॅपटॉपमध्ये होता.

"तीनच्या जागी अकरा महिने कर," मी म्हणाले. त्याला वाटलं बाईंनी चूक काढली. मी त्याला सगळं सांगितलं. मावशी, पोहे, अकरा महिने. त्याने जुना बायोडाटा उघडला आणि वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला.

"यातलं आणखी काय खोटं आहे?"

"उंची अर्धा इंच. आणि स्वभाव शांत."

"स्वभावाचं मला पहिल्याच महिन्यात कळलं," तो म्हणाला. तो हसत नव्हता. "मग हे दहा वर्षांत कसं नाही कळलं?"

त्याला लागलं होतं, आणि लागायलाच हवं होतं. मित्रांना तो किती वेळा सांगायचा, बायको टॅक्समधली आहे, तीन वर्षं केलंय. मला सॉरी म्हणायचं होतं, मी म्हणालेही. पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला आत्ताच, बोलता बोलता सापडत होतं.

"कारण तू कधी विचारलंच नाहीस. तीन वर्षं हे तुला पाठ होतं. मी तिथे दिवसभर काय करायचे, हे एकदा तरी विचारलंस?"

त्याने बायोडाटा बंद करून सीव्ही उघडला. मग त्याने तीन वर्षं खोडलं, अकरा महिने लिहिलं, आणि खालच्या रिकाम्या ओळीवर येऊन थांबला.

"सांग," तो हळू आवाजात म्हणाला. "काय करायचीस?"

मला आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला, त्याचा थोडा आणि माझा खूप, कारण माझं काम दुसऱ्यानेच लिहायचं याची मलाही सवय झाली होती.

"सरक," मी म्हणाले, आणि लॅपटॉप माझ्यापुढे ओढून घेतला.