दामूकाकांनी ड्रोन उडवू दिला नाही

मागच्या महिन्यात ओळखीच्या सुनीताताईंचा फोन आला. "भाऊ, लग्नात उडवता तो ड्रोन घेऊन घरी याल का? बाबांचं काही खरं नाही आता..."

त्यांचे बाबा म्हणजे दामूकाका. चिकलठाण्यात, विमानतळाच्या अगदी जवळ राहायचे. कॅन्सरने अंथरुणाला खिळलेले, खिडकीतून समोरची भिंत तेवढी दिसायची. ताईंना वाटलं, वरून आपली गल्ली, मोकळं आभाळ त्यांना मोबाईलवर दाखवावं.

तो सगळा भाग ड्रोनसाठी रेड झोन. परवानगीशिवाय उडवायचाच नाही, हे मला चांगलं माहीत होतं. पण ताईंचा चेहरा बघून वाटलं, दोन मिनिटांनी काय होतंय... आणि बॅग उघडली.

काकांनी पाहिलं. आवाज पार खोल गेलेला, तरी म्हणाले, "ठिव त्ये आत. इमान उतरायचा टाइम हाय."

"काका, एवढासा तर आहे."

"पाखरू बी एवढंसंच असतं, बाबा. तीस वर्षं धावपट्टीवरची पाखरं हाकलली म्या, फटाके वाजवून. अन् आता माझ्याच दारातून तू हे सोडतो व्हय?"

मी बॅग बंद केली. थोड्या वेळानं विमान घरावरून गेलं... ते जाईपर्यंत काका डोळे मिटून ऐकत होते.

मग मीच विचारलं, जिथं उडवता येतं तिथलं काही बघायचंय का? ते म्हणाले, "आमचं गाव बघ, चितेगावच्या पुढं. आमची हीर ठिवली का बुजवली, त्येवढं बघ."

नकाशा तपासला, तिथं मोकळीक होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच जाऊन ड्रोन उडवला. चारी बाजूंना कंपन्यांच्या शेड, पण विहीर होती... पाणीही होतं.

परत येताना पैठण रोडवर ताईंचा फोन आला. काका गेले होते.

दहा-बारा दिवसांनी तो व्हिडिओ घेऊन गेलो. ताईंनी लेकीला जवळ घेतलं. "आवाज नाही का याला?" लेकीनं विचारलं. मी म्हटलं, ड्रोनमध्ये आवाज रेकॉर्ड होत नाही. मग त्याच हळूहळू सांगू लागल्या... इथं आज्जी कपडे धुवायची, इथं बाबा पोहायला शिकले...

काकांना काही दाखवू शकलो नाही, हे अजून टोचतं. आपल्या शहरात विमानानं सुखरूप उतरलेल्या कुणालाच त्यांचं नाव माहीत नसेल... म्हणून इथं लिहिलं.