पाळणा न बांधणारं घर

हरसोट्याला गिरधारीजींच्या ओसरीत पाळणा दिसला आणि मी हातातला चहा खाली ठेवला.

लाकडी पाळणा होता, तुळईला साखळीने टांगलेला. आत पाच-सहा महिन्यांचं पोर झोपलं होतं. त्यांची सून एका हाताने दोरी ओढत होती आणि मधूनमधून समोरच्या ताटातले मटार सोलत होती. बाहेर अंगणात मांडववाले खांब पुरत होते. दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी अकरा वाजता, इथे ढोल वाजणार होता. फिजीहून आलेल्या एकोणऐंशी वर्षांच्या कमलाबाईंना त्यांच्या आजोबांचं घर दाखवायचं होतं. हेच ते घर, असं मी सही करून लेखी दिलं होतं. त्या पाळण्याकडे बघता बघता माझी खात्री डळमळली.

मी मूळचा सांगलीकडचा. विमा कंपनीत तीस वर्षं क्लेम इन्व्हेस्टिगेशन केलं. म्हणजे कोणी गेल्याचा दावा आला की तो खरंच गेला का, कसा गेला आणि मागे कोण आहे, हे गावात जाऊन बघायचं. शेवटची बदली जयपूरला झाली आणि आदर्श नगरात आम्ही नवरा-बायको राहिलो ते राहिलोच. निवृत्तीनंतर घरात बसून बायकोच्या स्वयंपाकावर टीका करण्यापेक्षा बरं म्हणून निखिलकडे काम धरलं. निखिल नागपूरचा. इथे जयपुरातच, तिलक नगरात त्याचं ऑफिस आहे. परदेशातल्या लोकांचे पूर्वज कुठल्या गावचे ते शोधायचं आणि त्यांना त्या गावात घेऊन जायचं, हा त्याचा धंदा. माझा हा बॉस माझ्या मुलापेक्षा चार वर्षांनी लहान आहे. तो मला काका म्हणतो आणि डेडलाइन देतो.

कमलाबाईंची फाइल सोपी वाटली होती. त्यांचे आजोबा भूरा हे इंग्रजांच्या काळात करारावर मजूर म्हणून कलकत्त्याहून जहाजात चढले. पाच वर्षांचा करार, त्याला ही माणसं गिरमिट म्हणत. जाणाऱ्या प्रत्येकाचा एक पास बनायचा. त्यावर नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, जवळचा नातेवाईक आणि अंगावरची खूण. भूराच्या पासवर होतं : बाप गंगाराम, जिल्हा जयपूर, गाव हरसोटा, भाऊ नानू, डाव्या भुवईवर व्रण. हरसोट्यात नानूचा नातू सापडला, तेच गिरधारीजी. घराण्यातून भूरा नावाचा एक जण निघून गेल्याचं त्यांनाही ऐकून माहीत होतं. कागद आणि माणूस जुळले. मी रिपोर्टवर 'कन्फर्म्ड' लिहिलं आणि त्या दिवशी जरा ऐटीतच घरी गेलो.

कमलाबाईंना घर बघण्याची हौस नव्हती. त्यांना एक निरोप पोचवायचा होता. आजोबा वारले तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या. शेवटच्या आजारात त्यांनी या नातीला जवळ बोलावून सांगितलं होतं, कधी जमलं तर घरी जाऊन सांग, भूराला आता राग नाही. कसला राग, कोणावर, ते सांगितलं नाही. बाईंनी हा निरोप जवळजवळ सत्तर वर्षं सांभाळला. आता छातीत पेसमेकर होता. डॉक्टरांनी एवढ्या लांबचा प्रवास हा एकदाच, असं बजावलं होतं. रविवारी पहाटे परतीचं विमान होतं.

आणि गुरुवारी त्या आमच्या घरी चहाला आल्या होत्या. बायकोने कौतुकाने पुण्यातल्या नातवाच्या बारशाचे फोटो दाखवले. फुलांनी सजवलेला पाळणा बघून कमलाबाई दचकल्या.

"हमार घर में झूला नहीं बाँधते," त्या म्हणाल्या. "आजा मना करिस रहा."

फिजीत चार पिढ्या त्यांच्या घरात एकही मूल पाळण्यात झोपलं नव्हतं. का, ते कोणालाच माहीत नव्हतं. आजा म्हणायचे, आपल्या कुळाला पाळणा चालत नाही. बायकोला ते फार वाईट वाटलं. मी पोह्यांचा दुसरा घास घेतला आणि विसरून गेलो. विसरलो असं मला वाटलं होतं.

राजस्थानात असे कुळाचे नेम असतात. एखाद्या घराण्यात सुना अमुक रंग नेसत नाहीत, एखाद्यात अमुक दिवशी ताक घुसळत नाहीत. माणूस गाव सोडतो, भाषा सोडतो, पण हे सुटत नाही. आणि इथे, नानूच्या सख्ख्या वंशात, पोर खुशाल पाळण्यात झोपलं होतं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, पाळणा नवीन का? गिरधारीजी हसून म्हणाले की त्यात त्यांचे वडीलसुद्धा झोपले होते.

गाडीत बसून निखिलला फोन केला.

"काका, काय करून राहिले तुम्ही?" तो म्हणाला. "एका पाळण्यावरून प्रोग्राम कॅन्सल करायचा? सरपंच येऊन राहिले. रिपोर्टवर सही तुमची आहे न?"

सही माझी होती, म्हणून तर घाम फुटला होता. मी त्याला सांगितलं की मला संध्याकाळपर्यंत वेळ दे. त्याने दिला, पण आवाज असा होता की जणू मी त्याचा मांडव उपटायला निघालोय.

आमच्या सांगलीकडे हेळवी येतात, बैलावरून, आणि घराण्याच्या सात पिढ्या तोंडपाठ म्हणून दाखवतात. इकडे ते काम करणाऱ्या वहीवाल्यांना 'जागा' म्हणतात. दर काही वर्षांनी ते आपल्या ठरलेल्या घरांत जातात, जन्मलेल्यांची नावं वहीत चढवतात. हरसोट्याचे जागा विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्राच्या मागे एका दोन खोल्यांच्या घरात राहत होते. मी पोचलो तेव्हा समोरच्या कारखान्यात पत्रा कापत होते, आणि त्या आवाजात आम्हाला एकमेकांच्या कानाशी बोलावं लागत होतं.

त्यांनी आधी मला बसवलं, पाणी दिलं, माझं कूळ विचारलं, आणि मग हात धुऊन वहीची गाठ सोडली. हातभर लांब, लाल कापडात बांधलेली. घड्याळात साडेचार झाले होते. ते एकेक पान सावकाश उलटत होते आणि मला त्यांच्या हातून वही ओढून घ्यावीशी वाटत होती.

"गंगाराम, हरसोटा," ते म्हणाले. बोट ओळीवर सरकलं. "दोन मुलगे. भूरा आणि नानू."

म्हणजे पास बरोबर होता. मला हायसं वाटलं आणि लगेच वाटलं की मग पाळण्याचं काय. मी विचारलं, भूरापुढे अजून काही लिहिलंय का. त्यांनी वही डोळ्यांजवळ नेली.

"भूरा गोद घेतलेला. गंगारामच्या बहिणीचा मुलगा. किरावडचा."

गोद म्हणजे दत्तक. गंगारामला मूल नव्हतं म्हणून त्याने भाचा दत्तक घेतला, आणि काही वर्षांनी त्याला स्वतःचा नानू झाला. पुढचं वहीत नव्हतं, पण अशा घरांत पुढे काय होतं ते मी तीस वर्षं वारसांच्या भांडणांत बघितलंय. पोटचा आला की आणलेल्याची थाळी हळूहळू दाराकडे सरकते. कलकत्त्याच्या कारकुनाने बापाचं नाव विचारलं तेव्हा भूराने दत्तक बापाचं सांगितलं, कारण रीतीने तेच खरं होतं. आणि फिजीत पोरांना वाढवताना जन्मघराचा नेम पाळला. कागद खोटा नव्हता, गिरधारीजी खोटे नव्हते. मीच अर्धं विचारून पूर्ण सही केली होती.

रात्रीच्या जेवणाआधी निखिल घरी आला. त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. आधी हरसोटा करू, वेळ उरला तर किरावड बघू. मी त्याला समजावलं की हरसोट्यात एकदा हार घातले, टाळ्या झाल्या, की बाई तिथेच निरोप देऊन मोकळ्या होतील. सत्तर वर्षं जपलेली गोष्ट माणूस दोनदा देत नाही. किरावडला आधी फोन तरी करू, असं तो म्हणाला. त्यालाही मी नाही म्हटलं. आधी कळवलं की लोक उत्तरं तयार करून बसतात. शेवटी निखिल म्हणाला, "काका, किरावडात काही नाही निघालं तर त्या बाईला तुम्ही सांगा. माझ्याच्याने नाही होणार."

शनिवारी सकाळी गाडीत मी कमलाबाईंना सगळं सांगितलं. माझी चूकही सांगितली. त्यांनी पर्समधून गोळी काढून जिभेखाली ठेवली. मला धडकी भरली. गोळी विरघळल्यावर त्यांनी विचारलं की दोन घरं असतील तर निरोप कोणत्या घरचा?

किरावडला पोचायला साडेदहा झाले. अकराला हरसोट्यात ढोल. जागांनी सांगितलेलं घर गावाच्या टोकाला होतं. अंगणात खाटेवर एक म्हातारे गृहस्थ उन्हाला बसले होते, बद्रीजी. मी पूर्वज, फिजी, काहीच बोललो नाही. पाणी मागितलं. दारात त्यांची नातसून आली, पाठीशी ओढणीने मूल बांधलेलं. मी म्हटलं, बाळाला पाळण्यात नाही का ठेवत?

"आमच्यात पाळणा बांधत नाहीत," ती म्हणाली. त्यात सांगण्यासारखं काही विशेष आहे असं तिला वाटलं नाही.

माझ्या मागे कमलाबाई गाडीतून उतरल्या. मी बद्रीजींना विचारलं, तुमच्या घरातून कधी कोणी दत्तक गेला होता का?

"एक गेला होता. आजोबांचा धाकटा भाऊ. हरसोट्याला, मामाकडे. दिला तो दिला. नंतर दोन्ही घरांचं बिनसलं, येणं-जाणं बंद झालं. त्यांचा माणूस झाला तो. तिथेच राहिला, तिथेच मेला असेल. तिकडच्यांना विचारा."

कमलाबाई पुढे आल्या. कोणाच्याही मदतीशिवाय चालत आल्या आणि खाटेच्या कडेवर बसल्या.

"तो हरसोट्यात नव्हता," त्या त्यांच्या हिंदीत म्हणाल्या. "तो आमच्याकडे होता."

बद्रीजींना कळायला वेळ लागला. मी पास दाखवला, जहाजाचं सांगितलं. त्यांनी भुवईवरच्या व्रणाची ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग म्हणाले की त्यांची आजी सांगायची, धाकट्याला लहानपणी बैलाचं शिंग लागलं होतं, थोडक्यात डोळा वाचला. हे कुठल्याच कागदावर नव्हतं. तीस वर्षांत मी साक्षीदारासमोर डोळे पुसले नव्हते. तेव्हा पुसले.

माझा फोन सारखा वाजत होता. सव्वा अकरा झाले होते. मी उचलला आणि निखिलला एवढंच म्हटलं की घर सापडलं.

"आणि इथलं काय करू?" तो म्हणाला. "ढोलवाले उभे आहेत, काका."

मी काही बोलण्याआधी कमलाबाईंनी हरसोट्याला जायचं म्हटलं. आजा ज्या घरातून रागावून निघाले, त्या घराला निरोप अजून द्यायचा होता. किरावडला त्यांनी तो दिलाच नव्हता, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं.

हरसोट्याला पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. हारांतला झेंडू मलूल पडला होता. मी गिरधारीजींना बाजूला घेऊन विचारलं, दत्तकाचं का नाही सांगितलं? ते म्हणाले, "साहेब, गोद आलेला तो मुलगाच. वेगळं काय सांगायचं?" ते बरोबर होतं. मग मी तो प्रश्न विचारला जो पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. भूरा गेल्यावर त्याला कोणी शोधलं का?

त्यांनी हातातला हार बाजूला ठेवला.

"नाही. घरात सगळे म्हणायचे, रुसून किरावडला परत गेला. बापाच्या घरी गेलेल्याला कोण शोधतं?"

हे कमलाबाईंच्या कानावर पडलं. किरावडला वाटत होतं तो हरसोट्यात आहे, हरसोट्याला वाटत होतं तो किरावडात आहे. शंभराहून जास्त वर्षं दोन गावांतल्या दोन घरांनी त्याला एकमेकांकडे सुखरूप ठेवला होता आणि तो समुद्रापलीकडे ऊस कापत होता.

बाई गिरधारीजींसमोर उभ्या राहिल्या आणि आजोबांचे शब्द जसेच्या तसे म्हणाल्या.

"भूरा के अब गुस्सा नहीं है."

गिरधारीजींनी डोक्यावरचा साफा उतरवून त्यांच्या पायाशी ठेवला. इकडे क्षमा मागण्याची ही शेवटची रीत आहे, याच्या पलीकडे काही नसतं. बाईंनी तो उचलून परत त्यांच्या हातात दिला. ढोलवाल्यांना निखिलनेच घरी पाठवलं. निघण्याआधी कमलाबाई ओसरीत गेल्या. पाळण्याला हात लावला नाही. सुनेला म्हणाल्या, बाळ जरा माझ्या मांडीवर दे.

मी 'कन्फर्म्ड' खोडून नवा रिपोर्ट लिहिला. तेव्हापासून माझ्या फॉर्मवर एक ओळ वाढली आहे : हा माणूस गेला तेव्हा त्याला कोणी शोधलं का, आणि नसेल तर का नाही? निखिलचं म्हणणं, क्लायंटला ती ओळ कळत नाही, काढून टाका. मी काढलेली नाही.