ताटलीतलं पाणी

कन्हेरीत आमच्या बांधाला लागून तात्यांचं शेत आहे, सगळं ठिबकवर. नळीचा जोड झिरपताना दिसला, तर तात्या दुसऱ्याच्या रानातही शिरतात आणि तो घट्ट करूनच बाहेर येतात. त्यांच्याकडे पाहुण्यालाही पाणी अर्धा पेलाच मिळतं. "लागलं तर परत मागा की, माठ हितंच हाय." मला याचा राग यायचा.

त्यांनी हौसेनं एक बदक पाळलं. त्यालाही पाणी ताटलीतच. पुढे त्याच्या एका डोळ्यातून चिकट पाणी गळायला लागलं. तात्या रोज त्याला काखेत धरून ओल्या कापसानं डोळा पुसायचे आणि पुसताना स्वतःचाही डोळा मिटायचे.

शेवटी माझ्या गाडीवरून आम्ही त्याला बारामतीला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. पाणी कशात देता, असं त्यांनी विचारलं.

"ताटलीत. थेंब वाया जात न्हाय," तात्या मोठ्या अभिमानानं म्हणाले.

"तात्या, बदक डोकं बुडवून डोळे धुतं. त्याला खोल पाणी लागतं," डॉक्टर म्हणाले.

औषध दिलं, पण तो डोळा गेलाच.

आता दारात काठोकाठ भरलेलं घमेलं असतं. बदक डोकं बुडवतं, पंख झाडतं, पाणी उंबऱ्यापर्यंत येतं. परवा घमेलं भरून वाहत होतं, म्हणून मी नळ बंद करायला उठलो.

"सांडू द्या," तात्या म्हणाले. ते बदकाच्या गेलेल्या डोळ्याच्या बाजूला बसले होते. मी सावलीत बोलावलं, तरी उठले नाहीत.

"ह्या बाजूनं कुत्रं आलं, तर त्याला दिसायचं न्हाय."