भुजंगाचा नरसिंह

कुंभार पिंपळगावच्या भुजंगाचा डावा पाय लहानपणीच्या तापात वाळला होता. एरवी तो काठी टेकत चाले, पण नरसिंह जयंतीला त्याच्यासारखा देव पंचक्रोशीत नव्हता. कागदाचा खांब टराटरा फाडून तो बाहेर आला की जाणती माणसंही मागे सरत. देवाचं वारं आवरावं म्हणून सोंगाला दोघांनी मागून कमरेला धरायचं, ही गावची रीत. ते दोघे म्हणजे त्याचा मेहुणा बद्रीनाथ आणि शेजारचा कारभारी. त्यांच्या आधारावर भुजंग असा उसळे, की त्याचा पाय कुणाच्या ध्यानातच राहत नसे.

निजामाच्या राज्यातला, मूकपटांचा तो काळ. मुंबईची एक कंपनी नरसिंहाचाच चित्रपट करायला गावात उतरली. भुजंगाने मिशीला तूप लावलं, धुतलेला फेटा बांधला आणि मेहुण्याच्या खांद्यावर हात टाकून दिग्दर्शकापुढे उभा राहिला.

"साहेब, नरसिंह मी करतो."

दिग्दर्शकाने पायाकडे पाहिलं. "तू भिकारी कर. शोभशील."

"भीक कधी मागितली न्हाई, साहेब. ते सोंग मला जमायचं न्हाई."

"अरे, पण देव कधी लंगडा असतो का?"

"अर्धा सिंह चालतो," बद्रीनाथ मध्येच म्हणाला, "मंग दाजींच्या एका पायानं काय बिघडून राह्यलं?"

सगळे हसले, पण नरसिंह गेला मुंबईच्या नटाकडेच. भुजंगाला कटोरा देऊन पायरीवर बसवलं. त्याने तो पालथा घालून ठेवला. बद्रीनाथ आणि कारभारी शिंगं लावून राक्षसांच्या दरबारात उभे राहिले.

कॅमेऱ्याची मूठ फिरू लागली. खांब फाटला, नट गर्जत बाहेर आला आणि सवयीचे हात धावले! दोघा राक्षसांनी त्याच्या कमरेला घट्ट मिठी मारली.

"सोडा! सोडा मला!" नट किंचाळला.

देव सोडा म्हणाला की आणखी आवळायचं, हीसुद्धा रीतच. त्यांनी आवळलं. आयाळ नटाच्या नाकावर आली. "वारं आलं गं बाई!" म्हणत बघ्यांतल्या पुष्पाबाईने त्याच्यावरून नारळ ओवाळून फोडला. नट कसाबसा सुटला तो थेट बैलगाडीत जाऊन बसला. काही केल्या खाली उतरेना.

"कशाला धरलंत रे त्याला?" दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला.

"देव मोकळा सोडतेत व्हय, साहेब?" कारभारी म्हणाला. "कुणाचं पोट फाडलं म्हणजे?"

दिग्दर्शकाने कलत्या उन्हाकडे पाहिलं, मग भुजंगाकडे. "चल, ये तू. पण हे दोघे नकोत."

"मंग मीबी न्हाई." भुजंग पायरीवरून हललासुद्धा नाही. "हे धरतेत म्हणून मी उडतो. त्यात लपवायचं काय?"

ऊन थांबणार नव्हतं. "बरं, जल्दी करा!"

नवा खांब चिकटवला. भुजंगाने तो फाडला तो असा, की मूठ फिरवणारा मूठ सोडून पळायच्या बेतात आला.

पुढे तो मूकपट जालन्याला तंबूत लागला, तेव्हा गाड्या जुंपून अख्खं गाव गेलं. पडद्यावर खांब फाटला. मागे लटकलेल्या दोन राक्षसांसकट भुजंग बाहेर झेपावला. गर्जना काही ऐकू येईना, म्हणून ती गावानेच केली. दुर्गाबाई, भुजंगाची बायको, तर बाकावर चढून ओरडत होती, "माझे मालक हायेत ते!"

तेवढ्यात बद्रीनाथ आणि कारभारी ताडकन उठले आणि शेजारी बसलेल्या भुजंगाची कंबर त्यांनी गच्च धरली. बरं झालं. तो उडी मारतच होता.