मंगल कार्यालयातली सायकल

लग्नाचे मुहूर्त संपले की मंगल कार्यालय कसं दिसतं, हे वऱ्हाडी मंडळींना कधी कळत नाही. मला कळायचं, कारण आषाढापासून तुळशीच्या लग्नापर्यंत ते राखायला मी होते. सणसरहून अंथुर्ण्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला तो हॉल, तिन्ही बाजूंनी ऊस आणि समोर एक चहाची टपरी. काम काय, तर मागच्या स्वयंपाकघराच्या दारानं आत जायचं, झाडून घ्यायचं, पारवे हाकलायचे आणि कुणी हॉल बघायला आलं तर दाखवायचा. क्वचितच कुणी येई. पुढचं शटर बाहेरून कुलपात.

तेव्हा मी चाळिशीची होते आणि स्वतःला फार धीट समजायचे. तेव्हाच्या त्या बाईची आठवण आली की आजही तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो.

स्टेजवर राजाराणीच्या खुर्च्या पांढऱ्या चादरीखाली असायच्या, दोन माणसं डोक्यावरून पांघरूण घेऊन ताठ बसल्यासारख्या. नवरीच्या खोलीतल्या आरशावर टिकल्या होत्या. नवऱ्या मुलींनी, करवल्यांनी जाता जाता चिकटवलेल्या, सगळ्या कपाळाच्या उंचीला. समोरून गेलं की वाटायचं, कपाळं तेवढी बाहेर राहिलीत, चेहरे आत गेलेत. मी त्या खोलीत झाडू मारताना मान खाली घालायचे आणि स्वतःला सांगायचे की कचरा खालीच असतो.

नुसतं बसलं की कान मोठे होतात. म्हणून मी ठरवलं, या रिकाम्या दुपारींत सायकल शिकायची. लेक बारामतीला कॉलेजच्या होस्टेलवर गेली होती, तिची शाळेची सायकल घरी गंजत होती. रोज ती हातात धरून मी चालत यायचे.

"बसत का न्हाय वहिनी?" वाटेत कुणीतरी विचारायचं.

"पंक्चर हाय."

दोन महिने पंक्चर होती. कुणाला नवल वाटलं नाही, किंवा वाटलं ते त्यांनी माझ्या पाठीमागे वाटून घेतलं. ट्रॅक्टर चालवणाऱ्या माझ्या नवऱ्याला कळलं असतं तर त्यानं गावभर हसत फिरून सांगितलं असतं. म्हणून सगळं बंद हॉलमध्ये. बसायचं स्टेजच्या पायरीवरून आणि उतरायचं गाद्यांच्या ढिगावर आदळून. ब्रेक हा प्रकार मला पुढच्या इयत्तेतला वाटायचा. पदर सोडलेला, कमरेला किल्ल्यांचा जुडगा खुळखुळतोय आणि मी गोल गोल. एक गोष्ट मात्र तेव्हाही खटकायची. मी थांबले की तो खुळखुळाट थांबायचा, पण लगेच नाही. छताच्या पत्र्यापाशी अर्धा फेरा आणखी चालायचा.

मग एके दिवशी टपरीवाली मला म्हणाली, "तुमी आत एकट्या कशा बसता वो?"

"का? काय झालं?"

"हितं बाई फिरती म्हनं, दुपारची. कमरेखाली कायबी न्हाय तिला. नुसती तरंगत गोल गोल जाती. पैंजण वाजत्यात. लोकांनी काचंतनं बघितलंय."

मी, शहाणी, तेव्हापासून सायकल गाद्यांमागे लपवून मागच्या पायरीवर जाऊन बसू लागले. आठवड्यानं टपरीवालीनंच बातमी आणली, "आता दिसत न्हाय ती. तुमी मागं बसता म्हणून लाजली आसंल." तरीही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

पण बोलणं पसरलं होतं. हॉल बघायला येणारे रस्त्यावरूनच परत जायला लागले. मालक आले. सगळे त्यांना आबा म्हणत. म्हणाले, "दिवाळीपतोर एकबी लग्न ठरलं न्हाय, तर खताचं गोडाऊन करतो. मग बाई, तुजं हितं काय काम?"

माझं काम म्हणजे माझा पगार, माझ्या हातात येणारा. तो जाणार म्हणून मी दोन दिवस हात चोळत बसले. तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. बाहेर काळंकुट्ट, आत मी ट्यूबलाइट लावल्या, आणि भीतीनं बसवेना म्हणून पुन्हा सायकलवर चढले.

खिडक्यांच्या खालच्या काचांना पांढरा रंग होता, जेवणाच्या पंगती बाहेरून दिसू नयेत म्हणून. वरच्या काचा मोकळ्या. त्या मोकळ्या काचेत माझ्या बरोबरीनं एक बाई निघाली. कमरेपासून वर तेवढी. पदर उडत होता, मान हलत नव्हती. मी पाय जोरात मारले, तीही जोरात. मी बघितलं, तिनं बघितलं. मी किंचाळून खुर्च्यांच्या थप्पीवर कोसळले. खालून पाहिलं तर काच रिकामी. उठले, तर ती पुन्हा तिथं, केस विस्कटलेली.

तेव्हा कळलं, गावाला मी दिसत होते, आणि मलाच माझी भीती घातली गेली होती.

आता गोडाऊन तरी होऊ द्यायचं, नाहीतर हसू तरी करून घ्यायचं. पुढच्याच रविवारी आबा टपरीवर एका मुलीकडच्यांना समजावत होते. मुलीची आत्या हट्टाला पेटली होती, "म्या सोताच्या डोळ्यानं बघितलंय. हितं लगीन न्हाय." मी शटरचं कुलूप काढलं, शटर वर ढकललं, आत जाऊन स्टेजच्या पायरीवरून बसले आणि भर दुपारी, खुळखुळत, त्यांच्यासमोर बाहेर आले.

ब्रेकची इयत्ता राहिलीच होती. मी टपरीवरून पुढं गेले, आबा मागं धावत, "आगं, थांब की!" शेवटी उसानं थांबवलं.

सगळे पोटभर हसले. आत्या हसली नाही. तिनं जवळ येऊन माझी साडी वर करून पाय बघितले. टाचा मागंच होत्या.

"तूच रोज फिरायचीस?"

"व्हय, आत्या."

"मग माज्याकडं बघून हासलीस का?"

सायकलवर मी कधीच हसले नव्हते. दात आवळून, पुढच्या चाकावर नजर लावून बसायचे. खिडकीकडे मी त्या शेवटच्या दिवशी पहिल्यांदा बघितलं होतं. आबा माझ्या तोंडाकडे बघत उभे होते.

"मीच हासले," मी म्हणाले. "चुकलं."

लग्न तिथंच झालं, नोकरी राहिली. सायकल मात्र त्यानंतर मी रस्त्यावरच चालवली.