टेबलावरचा किल्ला

आमच्या ठाकुर्लीच्या सोसायटीत दिवाळीच्या सुट्टीत मुलं मागच्या भिंतीशी किल्ला करतात. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. जन्मापासून तिच्या पायांत बळ नाही, ती चाकांच्या खुर्चीत असते. किल्ला जमिनीवर आणि ती खुर्चीत, म्हणून मी एक तोडगा काढला होता. किल्ला पूर्ण झाला की मी तिला उचलून खाली धरायचो आणि ती महाराजांची मूर्ती सिंहासनावर ठेवायची. मुलं टाळ्या वाजवायची. सगळ्यात मोठा मान माझ्या लेकीचा, असं मी सांगत फिरायचो. मला ते खरंही वाटायचं.

यंदा दिवाळीच्या आधी ठाण्यातल्या एका संग्रहालयाने कुटुंबांसाठी किल्ला बनवायची कार्यशाळा ठेवली होती. जाहिरातीत ‘सर्वांसाठी’ असं होतं. तसं सगळीकडेच असतं, आणि मग दारात पायऱ्या लागतात. शीळफाट्याच्या कोंडीत गाडी अडकली तेव्हा मी म्हणालो, "उशीर झालाच आहे. परत फिरायचं का?"

"तुला नेहमी परतच फिरायचं असतं," बायको म्हणाली. मुलगी खिडकीबाहेर बघत राहिली.

संग्रहालयाला उतार होता, आणि खुर्ची ढकलताना दम लागणार नाही इतका बेताचा होता. असा उतार फार कमी ठिकाणी मिळतो. आत एका डोंगरी किल्ल्याची लाकडी प्रतिकृती होती, वर काच नाही, हात लावायला मोकळी. दृष्टी नसलेला एक मुलगा बोटांनी तटबंदी चाचपत आईला सांगत होता, "इकडून शत्रू येऊच शकत नाही, नुसता कडा आहे!"

"तू नको पडूस तिथून म्हणजे झालं," आई म्हणाली, आणि दोघंही हसत सुटली.

अंगणात माती, दगड आणि गोणपाटांचे ढीग होते. बरीच कुटुंबं खाली बसली होती. मधोमध मात्र एक भक्कम टेबल होतं, त्याची कड अर्धगोल कापलेली. कार्यशाळा घेणाऱ्या ताईंनी मुलीची खुर्ची त्या खाचेत सरकवली. माती थेट तिच्या कोपरांपाशी आली.

मी सवयीने पुढे झालो. "ताई, शेवटी महाराज ठेवायचा मान हिला द्याल का? आमच्याकडे हीच ठेवते."

"मला महाराज नकोत," मुलगी म्हणाली. "मला माती हवीय."

"अगं, कपडे..."

"बाबा, मला दरवर्षी शेवटी बोलावतात. तोवर मी नुसती बघते."

खरं सांगायचं तर तो मान मी तिच्यासाठी शोधलाच नव्हता. तिचे हात मातीत गेले की खुर्चीची चाकं, गाडीची सीट, घरातली फरशी, सगळं मला पुसावं लागणार होतं. ती स्वच्छ राहिली की माझं काम वाचायचं. वर लोक मला चांगला बाप म्हणायचे.

"पालकांनाही काम आहे बरं," ताई म्हणाल्या आणि माझ्या हातात बादली दिली. "पाणी आणा."

मी पाणी आणत राहिलो. मुलीने गोणपाट चिखलात बुडवून दगडांवर पसरलं. बुरूज दोनदा ढासळला. दुसऱ्यांदा माझा हात पुढे गेला, तेवढ्यात तिने बघितलं. मी पुन्हा बादली उचलली.

निघताना दाराशी एक पसरट ट्रे दिसला, त्यात पाणी, शेजारी दांड्याचा ब्रश. "चाकांसाठी," ताई म्हणाल्या. खुर्ची ट्रेमधून पुढेमागे केली, ब्रश फिरवला, चाकं स्वच्छ. ज्या कटकटीपायी मी माझ्या लेकीला इतकी वर्षं मातीपासून लांब ठेवलं, त्या कटकटीवर कुणीतरी शांतपणे विचार करून असा साधा उपाय काढला होता. मला त्या लोकांचं फार कौतुक वाटलं, आणि स्वतःची तितकीच लाज.

घरी आल्यावर सोसायटीच्या हॉलमधलं जुनं टेबल मी मागच्या भिंतीशी नेऊन ठेवलं. मुलं ओरडली, "काका, टेबलावर किल्ला? त्याला जेवायला वाढायचंय का?"

"किल्ला डोंगरावरच असतो ना रे?" मुलगी म्हणाली. "मग हा डोंगर. चल, दगड दे."

त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि दगड आणायला पळाली.

तीन संध्याकाळी काम चाललं. शेवटी सवयीने सगळ्यांनी महाराजांची मूर्ती तिच्यापुढे धरली. ती दरवाजाची कमान लिंपत होती.

"कुणीतरी ठेवा ना," ती वर न बघताच म्हणाली. "माझे हात भरलेत."

मी ब्रश आणायला वर गेलो.