बुरुलसून एजेची बातमी

बुरुलसून एजे आमच्या कॅम्पसवर चाव्या सांभाळते. एजे म्हणजे थोरली ताई, सगळे तिला तसंच म्हणतात. विद्यापीठ परदेशातलं, ही त्याची डोंगरातली शाखा. डायरेक्टर दर दोन-तीन वर्षांनी बदलतात, एजे पहिल्या दिवसापासून आहे. वय अठ्ठावन्न, गुडघे दुखरे, नवरा नाही, मुलगा मॉस्कोत टॅक्सी चालवतो. खोऱ्यातल्या तीस गावांत कुणाची सून कुठली आणि कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे, हे तिला तोंडपाठ.

मी शिष्यवृत्ती निधीचं काम बघते. म्हणजे पत्रं लिहिते. त्या वर्षी खोऱ्यातल्या एकशे चाळीस सधन लोकांना रंगीत छापील पत्रं पाठवली. उत्तर एकच आलं, तेही "आमच्या पोराला तुमच्याकडे चिकटवाल का?" असं विचारणारं.

"कागद बघून कोण देतंय, पोरी?" एजे म्हणाली. "लोकांना द्यायला कारण लागतं. आणि देताना बघायला चार माणसं."

कारण होतं नूरजातचं. ही वरच्या गावातल्या कालीपाची मुलगी. प्रवेशपरीक्षेत तिसरी आली, पण शिष्यवृत्ती अर्धीच मिळाली. उरलेले एक लाख दहा हजार सोम पंचवीस ऑगस्टच्या आत भरले नाहीत, तर जागा पुढच्याला जाणार होती. कालीपा शाळेत फरशी पुसते. तिचा सख्खा भाऊ तोलोमुश साठ घोड्यांचा मालक. पण आईच्या वर्षश्राद्धाला घोडा कापायचा की गाय, यावरून दोघांचं बिनसलं ते सहा वर्षं तसंच होतं.

आमच्याकडे आनंदाची बातमी आणणाऱ्याला कुणी रिकाम्या हाताने परत पाठवत नाही. दारातूनच "सुयुंचू!" म्हणून ओरडायचं, ऐकणाऱ्याने आधी देणं कबूल करायचं, मग बातमी सांगायची. एजेने ठरवलं, ही बातमी आईला नाही, मामाला सांगायची.

मीही बरोबर गेले. तोलोमुशकडे गवत कापायला आलेली आठ-दहा माणसं चहाला बसली होती. एजेने नेमकी तीच वेळ गाठली.

"सुयुंचू, तोलोमुश!"

"दिलं, एजे! बोल."

"तुझी भाची विद्यापीठात लागली. अर्धी फी माफ."

तो चहाचा वाडगा हातात धरून विचारात पडला. "अर्धी? मग मेंढरूही अर्धंच देतो. पुढचं नेतेस की मागचं?"

माणसं पोट धरून हसली. एजेही हसली.

"आणि पूर्ण माफ झाली असती तर?"

"तर ती करडी घोडी दिली असती." त्याने सगळ्यांदेखत बोट दाखवलं. "तोलोमुश शब्दाचा पक्का आहे."

परतीच्या गाडीत एजे बोटांवर हिशेब करत बसली. घोडी मिळाली तर फी भरता येणार, फी भरली तर बातमी पूर्ण होणार, आणि बातमी पूर्ण झाली तरच घोडी मिळणार. मी डायरेक्टरांना विचारून पाहिलं. त्यांनी सहानुभूतीने मान हलवली आणि निधीत काही शिल्लक नसल्याचं दाखवलं.

शुक्रवारी एजे एकटीच वर तोलोमुशकडे गेली. संध्याकाळी घोडीचा दोर धरून खाली आली.

"काय सांगितलंस?"

"पूर्ण माफ झाली म्हणून."

"आणि बाजारात गिऱ्हाईक नाही मिळालं तर?"

"तर मी खोटारडी आणि पोरगी घरी."

रविवारी गुरांच्या बाजारात एका शाळामास्तराने घोडी एक लाख पंधरा हजाराला घेतली. सोमवारी, तेवीस तारखेला, पैसे भरले गेले. देणगीदार म्हणून मी एजेचं नाव लिहायला लागले, तर तिने माझा हात धरला. "घोडी काय माझी होती?" मी तोलोमुशचं नाव लिहिलं. देणगीदाराला आभाराचं पत्र आपोआप जातं, हे तेव्हा दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

तीन आठवड्यांनी तो पत्र घेऊनच ऑफिसात आला.

"एजे, मी घोडी बातमीची दिली. यात लिहिलंय, मी फी भरली. म्हणजे तू आलीस तेव्हा माफ झालीच नव्हती."

"नव्हती."

"तोंडावर खोटं बोललीस!"

"बोलले. शुक्रवार ते सोमवार."

"मग माझी घोडी परत दे."

"घोडी मास्तराकडे आहे. पैसे परत हवेत तर अर्ज कर, ही कागद देईल." एजेने हनुवटीने माझ्याकडे खूण केली. "नूरजात दुसऱ्या मजल्यावर वर्गात बसलीय. खाली ये म्हणून तिला मात्र तू सांग."

मी कागद काढून त्याच्यासमोर ठेवला. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली.

"कालीपा आली होती," तो म्हणाला. "परवा. कणकेचे तळलेले बोरसोक घेऊन."

"मग?"

"मग काय? खाल्ले."

मग त्याने अर्जाचा कागद बाजूला सारला आणि आभाराच्या पत्रावर बोट ठेवलं. "यात घोडीचं नावही नाही. नुसता आकडा. लोकांना काय कळणार? ते दारातल्या बोर्डावर देणगीदारांची नावं लावता ना, तिथे नीट लिहा. करडी घोडी, वय सात. नाहीतर म्हणतील, तोलोमुशने म्हातारी खपवली."

"बोर्डावर वय लिहायची सोय नाही," मी म्हणाले.

"कर सोय," एजे म्हणाली.